परसवाड्याची ‘पहिली’ गावे

वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाची बांधी मागे टाकून सातपुड्याचा घाट चढून गेले म्हणजे बैहरच्या बाजूस परसवाड्याचे पठार लागते. बालाघाट या नावाचा अर्थही घाटावरचा प्रदेश असाच आहे. १८१० च्या सुमारास लक्ष्मण नाईक याने या पठारावर पहिली गावे वसविली, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर सांगते. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला; त्यानंतर कर्नल ब्लूमफील्ड या अधिकाऱ्याने बैहरकडे वस्ती करण्यास पोवारांना उत्तेजन दिले.

पोवारांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. माळव्यातून नगरधनमार्गे वैनगंगाकाठी आल्याची त्यांची परंपरा आहे. तलाव बांधून धान पिकविण्यात त्यांचा हातखंडा होता. हिंदी व मराठी यांच्या सीमेवरची त्यांची पोवारी बोली आजही या प्रवासाची साक्ष देते.

परंतु ‘पहिली’ हा शब्द आम्हांस तपासून घ्यावासा वाटतो. त्याच गॅझेटियरात या भागातील घडीव दगडांच्या प्राचीन मंदिराचा निर्देश आहे. शिवाय येथील रानांत गोंड व बैगा पूर्वीपासून राहत होतेच. झाडे तोडून जाळावीत, राखेत कोदो-कुटकी पेरावी आणि काही वर्षांनी ती जागा रानाला परत द्यावी, ही बैगांची बेवर शेती. नांगराने धरणीमातेची छाती फाडणे त्यांस पाप वाटे, हे व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. सरकारी साऱ्याला मात्र स्थिर शेत व ठरलेला मालगुजार लागे. म्हणून नांगर चालला तेथेच ‘गाव’ लिहिले गेले. बेवरीवर निर्बंध आले आणि १८९० मध्ये मंडल्याकडील बैगाचक एवढ्यापुरतीच तिला मुभा उरली.

दूरच्या ऑस्ट्रेलियातही वसाहतकारांनी मूळ रहिवाशांची भूमी बेवारस मानली होती; तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ती कल्पना १९९२ साली माबो खटल्यात फेटाळली. पोवार काही परके राज्यकर्ते नव्हते, हा भेद आम्ही विसरत नाही. तथापि दप्तरात नसलेला मनुष्य इतिहासातूनही गळतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

यास्तव परसवाड्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने जमाबंदीच्या कागदांबरोबर टेकड्यांची, नाल्यांची व ग्रामदेवतांची गोंडी-बैगा नावेही टिपून घ्यावीत. ती सांगणारी वृद्ध माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.