मादन आयोगाचा अहवाल (भाषा व शैली)

भिवंडी (जि. ठाणे), जळगाव आणि महाड येथे मे १९७० मध्ये झालेल्या दंगलींच्या चौकशीचा बहुखंडी इंग्रजी अहवाल. एकसदस्य आयोग : मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. दिनशा पिरोशा मादन (जन्म १९२१). नेमणूक चौकशी आयोग अधिनियम, १९५२ अन्वये. सरकारी इंग्रजी किती नेमकी असू शकते, याचा महाराष्ट्रातील उत्तम नमुना म्हणून येथे नोंद घेतली आहे.

पार्श्वभूमी : यंत्रमागांच्या भिवंडी गावात शिवजयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग, मशिदीजवळची गुलालाची उधळण आणि घोषणा यांवरून काही वर्षे कुरबुरी चालू होत्या. ७ मे १९७० रोजी मिरवणुकीत दंगल उसळली.

भाषा : दंगलीनंतरच्या शासकीय निवेदनांचा एक ठरलेला साचा असतो : ‘काही समाजकंटकांनी’, ‘अनुचित प्रकार’, ‘सौम्य लाठीमार’, ‘परिस्थिती तणावपूर्ण परंतु नियंत्रणात’. त्यात घटना असते, घडवणारा नसतो. आणि लाठी कोणाच्या डोक्यात पडली हे विचारण्याची सोय नसते. ऑर्वेलने १९४६ च्या प्रसिद्ध निबंधात राजकीय इंग्रजीच्या याच रोगाचे निदान केले होते. मादन यांच्या निष्कर्षांना मात्र कर्ता असतो. भिवंडीतील दंगलीचे तात्कालिक कारण म्हणजे मुसलमानांना डिवचण्यासाठी मिरवणुकीतील लोकांनी जाणूनबुजून केलेले गैरवर्तन, असे अहवाल म्हणतो. तणाव शिगेला नेण्याची जबाबदारी तो राष्ट्रीय उत्सव मंडळावर नाव घेऊन टाकतो आणि मंडळातील बहुतेकांचा राजकीय ओढा जनसंघाकडे होता, हेही सांगतो. मुसलमानांनी आधीच कट रचला होता, हा पोलिसांकडून मांडला गेलेला सिद्धांत आयोगाने फेटाळला. पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या तपासावर तर त्याने कठोर ताशेरे ओढले : पथकाचा रोख तपासापेक्षा मुसलमानांना गुंतवण्याकडे होता. ‘त्रुटी राहिल्या’ एवढे लिहून भागले असते. ते मादन यांनी लिहिले नाही.

या निष्कर्षांवर राजकीय वाद आहे. त्याची चर्चा प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेरची.

जळगाव : दंगल ८ मे रोजी.

महाड : प्रकार तुलनेने मर्यादित.

मादन यांची पुढील कारकीर्द व लेखन : मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती (१९८२–८३), नंतर सर्वोच्च न्यायालयात (१९८३–८६). निवृत्तीच्या महिन्यातच, एप्रिल १९८६ मध्ये, त्यांनी लिहिलेला ‘सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली’ हा निकाल याच शैलीचा प्रौढ आविष्कार होय. महामंडळाच्या नियम ९ (१) नुसार कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन, कारण न सांगता काढता येत असे. नियमाची भाषा सभ्य होती. कोणावर, कधी, कशासाठी वापरायचा याबद्दल मात्र मौन. मादन यांनी त्याला ‘हेन्री आठव्याचे कलम’ (अनिर्बंध सत्ता देणारे कलम) म्हटले, आणि दुबळ्या पक्षावर लादलेला असा अन्याय्य करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ खाली, लोकहिताविरुद्ध म्हणून, निरर्थक ठरवला. निकाल लांबलचक आहे, पण लांबी आणि पाल्हाळ या वेगळ्या गोष्टी. आधी काय घडले, मग प्रश्न कोणता, मग उत्तर, हा क्रम वाचकाचा हात सोडत नाही. विधी महाविद्यालयांत तो आजही करारविषयक सिद्धांतासाठी शिकवतात. गद्यासाठीही शिकवायला हरकत नाही.

नंतरच्या घटना : १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत पुन्हा मोठी दंगल झाली. डिसेंबर १९९२–जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी मात्र शांत राहिली. त्याचे श्रेय पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून बांधलेल्या मोहल्ला समित्यांना सामान्यतः दिले जाते. मुंबईच्या त्या दंगलींचा न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही व्यक्ती आणि संघटनांची नावे घेतलेली आहेत.