पद गेलं, जागा राहिली

हार्बरफ्रंट स्टेशनजवळ १८९० सालची एक मशीद आहे, शेजारी जोहोर राजघराण्याच्या कबरी. गंमत म्हणजे सिंगापुरात असूनही ती जोहोर सरकार सांभाळतं! २ ऑगस्ट १८२४ च्या तहाने तमंगगोंग या मलय सरदाराचा बेटावरचा अधिकार कंपनीकडे गेला. इथली काही जागा मात्र घराण्याकडे राहिली.

आपल्या साताऱ्याचं उलट. १८४८ साली आप्पासाहेब महाराज वारले, डलहौसीने दत्तक नाकारला आणि गादीबरोबर राज्यही खालसा झालं.

माझा रोजचा पोस्टग्रेस डेटाबेस डलहौसीपेक्षा बरा. रोलच्या नावावर टेबलं असतील तर तो काढूच देत नाही. आधी मालकी दुसऱ्याच्या नावे करा, उरलेले हक्क काढा, मगच रोल पुसा. वारस कोण, हे आधी ठरवावं लागतं.