देवळातली बैठक आणि अध्यक्षाची कसोटी

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. पण नव्या काबिजादीत आपली देवळे राहिली, गावच्या रीतीही राहिल्या. पुढे १८८६ मध्ये सरकारने देवळांच्या महाजनांसाठी कायदा केला, १९३३ मध्ये तो नव्याने आला. अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार निवडायचे, हिशेब ठेवायचा, वर देखरेख सरकारी अधिकाऱ्याची. मुक्तीनंतरही हाच कायदा चालू राहिला.

कायदा अधिकार देतो, बैठक सांभाळायची अक्कल देत नाही. पहिला मान कोणाचा, पालखीला खांदा कोणी द्यायचा, जत्रेचा खर्च कसा वाटायचा, इथे भावाभावांत वितुष्ट येते. चांगला अध्यक्ष मागे गप्प बसलेल्याला आधी बोलते करतो. कोणी जुने भांडण उकरले की "तें घरांत, आज जत्रेचें बोला" म्हणून थांबवतो. स्वतःच्या घराण्याच्या मानाची गोष्ट निघाली की तो दुसऱ्याला बोलू देतो. ठरले ते वहीत उतरवून सगळ्यांपुढे वाचून घेतो, कारण उद्या वाद झाला तर वहीच बोलते. काहीच ठरेना तर देवाला कौल लावायचा. देवापुढे हरण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

गाऱ्हाणे एकच माणूस घालतो, पण "व्हय म्हाराजा" सगळा गाव म्हणतो. बैठकीत विरोधात बोललेलाही त्यात असतो. हे जिथे सुटले तिथे प्रकरण मामलेदाराकडे गेले, जत्रा अडली आणि पोरांनी पालखी पाहिलीच नाही.

तुमच्या घरात बैठकीची जुनी वही असेल तर वाळवीपासून जपा हो. त्यात गाव कसा एकत्र राहिला ते लिहिलेले आहे.