सोंग ‘विक्रांत’चे, नौका ‘राजपूत’: १९७१ मध्ये ‘गाझी’ला हूल कशी दिली?

आदिलाबादला समुद्र नाही. पण १९७१ मध्ये हा जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि विशाखापट्टणम हे त्याच राज्याचे मोठे बंदर. त्या बंदरासमोर ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली. त्यामागे भारतीय नौदलाने रचलेला एक डावही होता.

डाव का टाकावा लागला?
‘विक्रांत’ ही भारताची त्या वेळची एकमेव विमानवाहू नौका. तिच्या बॉयलरला तडा गेला होता, वेग मंदावला होता. अशी नौका पाणबुडीच्या तावडीत सापडली असती तर वाचणे कठीणच. म्हणून युद्धाआधीच तिला गुपचूप अंदमानकडे हलवले. तिच्याच शोधात ‘गाझी’ १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली होती.

हूल कशी दिली?
पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला ‘विक्रांत’चे सोंग दिले. त्यांनी पुढे लिहिल्यानुसार, ‘राजपूत’ने समुद्रातून मोठ्या नौकेसारखे भरमसाट बिनतारी संदेश चालू ठेवले. विशाखापट्टणमच्या बाजारात मोठ्या ताफ्याला पुरेल इतके मांस, भाजीपाला मागवला. बातमी फुटावी म्हणूनच. ‘विक्रांत’वरच्या खलाशाच्या नावाने आजारी आईची चौकशी करणारी साधी तारही उघडपणे पाठवली.

‘गाझी’ कुणी बुडवली?
भारतीय नौदलाच्या मते ‘राजपूत’ने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे. पाकिस्तानच्या मते तिच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने. हा वाद मिटलेला नाही. २०१७ च्या ‘गाझी’ चित्रपटात भारतीय पाणबुडी तिला बुडवते, ती मात्र कल्पना. आतले ९० हून जास्त नौसैनिक गेले, एकही वाचला नाही.

हाती काय लागले?
‘विक्रांत’ सुखरूप राहिली. ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले चढवले आणि पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग आवळला गेला. त्याच रात्री पश्चिमेला क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन.

‘गाझी’ कशानेही बुडालेली असो, ती विशाखापट्टणमला ‘विक्रांत’ शोधत होती तेव्हा खरी ‘विक्रांत’ शेकडो मैल दूर होती. विशाखापट्टणमला गेलात तर बीच रोडवरचे ‘व्हिक्टरी ॲट सी’ स्मारक जरूर पाहा. ते याच युद्धाचे आहे.