बर्फाखालचे शहीद

मीरा रोडच्या घराघरांत गुरेझ हे नाव पोहोचले ते ७ ऑगस्ट २०१८ ला. काश्मीरमधल्या त्या भागात घुसखोरांशी लढताना मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे आणि त्यांचे तीन साथीदार शहीद झाले. त्यांना निरोप द्यायला हजारो लोक रस्त्यावर आले होते.

त्याच गुरेझमध्ये दीड वर्ष आधी, जानेवारी २०१७ मध्ये, हिमस्खलनाखाली अनेक जवान गाडले गेले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. त्यांना मारले ते गोळीने नव्हे, बर्फाने.

घाटात दरड कोसळते ते आपण दर पावसाळ्यात पाहतो. बर्फाची दरड मात्र वारा रचतो. डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उडवून तो पलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो. तिथे त्याची घट्ट लादी तयार होते. लादीखाली साखरेसारखा सुटा थर असला, तर एका माणसाच्या वजनानेही ती निखळते. वरून सगळे शांत, पांढरेशुभ्र दिसते. गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची आशा मोठी. पुढे ती झपाट्याने घटते.

सियाचीनमध्ये १९८४ पासून भारत आणि पाकिस्तान समोरासमोर उभे आहेत. तिथे गोळ्यांपेक्षा जास्त बळी थंडी, विरळ हवा आणि बर्फाने घेतले. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतले दहा जण गाडले गेले. साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी त्यांत होते, आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्याचे मुश्ताक अहमदही होते. धारवाडचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत तेही गेले.

लढाई झाली नाही, मग हे शहीद कसे, असे कुणी विचारते. शहीद हा शब्द मराठीत आला तो अरबीतून. पैगंबरांच्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये शहिदांचे पाच प्रकार सांगितले आहेत. अल्लाहच्या वाटेवर जीव देणाऱ्याबरोबर त्यांत साथीने, पोटाच्या आजाराने आणि बुडून मेलेले आहेत, आणि ढिगाऱ्याखाली दबून मेलेलाही आहे. ज्याच्या अंगावर अख्खा कडा कोसळला, त्याच्याबद्दल हा प्रश्न आपण तरी विचारू नये.

आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. ७ एप्रिल २०१२ ला सियाचीनजवळच्या गयारीत पाकिस्तानी तळावर हिमकडा कोसळला आणि १४० माणसे गाडली गेली. त्यानंतर पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल कयानी यांनीच हा प्रश्न बोलणी करून सोडवावा असे म्हटले. बोलणी पुढे सरकली नाहीत. चार वर्षांनी सोनमचा कडा कोसळला.

सूर्यवंशींचे घर साताऱ्यात, मुश्ताक यांचे कर्नूलला, गयारीत मेलेल्यांची सीमेपलीकडे. बर्फाने त्यांच्यात फरक केला नाही. दुवा करताना आपणही करू नये.