बाकल्याचा दाणा आणि रक्ताचे कोडे

वाचकहो, वालाचे बिरडे आपल्यापैकी पुष्कळांच्या आवडीचे असेल. वाल रात्री भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मग फोडणीला टाकायचे. हा सारा खटाटोप घरच्या बायकांना पाठ असतो. वालाहून जाड आणि चपट्या दाण्याच्या अशाच एका कडधान्याची हकिकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे. हिंदीत त्याला बाकला म्हणतात. अरबीत त्याचे नाव आहे फूल! नाव फूल, पण वस्तू मात्र शेंगेतला दाणा. इजिप्तमध्ये अरुंद तोंडाच्या भांड्यात हे दाणे मंद विस्तवावर रात्रभर शिजवतात आणि सकाळी तेल, लिंबू घालून पोळीबरोबर खातात. गरिबाची न्याहारी ती हीच.

हे पीक फार जुने आहे. गॅलिलीच्या प्रदेशात उत्खननांत सापडलेले बाकल्याचे जळके दाणे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. अथेन्समध्ये अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडीत, तेव्हा चिठ्ठीच्या जागी हेच दाणे वापरीत. असे हे घरोघरचे धान्य. पण गणितज्ञ पायथागोरस याने आपल्या शिष्यांना ते वर्ज्य केले होते, असे जुने ग्रीक लेखक सांगतात. वैरी पाठीशी लागले असता बाकल्याचे शेत तुडवण्यापेक्षा त्याने मरण पत्करले, अशीही एक आख्यायिका आहे. या बंदीची कारणे कुणी काही सांगतो, कुणी काही. त्यातले खरे कोणते याचा निवाडा आता होणे कठीण.

मात्र बाकल्याची भीती अगदीच निराधार नव्हती, बरं का! इटलीच्या सार्डिनिया बेटावर वसंत ऋतूत कोवळ्या शेंगा बाजारात आल्या, की काही घरांवर संकट येई. चांगले हसतेखेळते मूल दाणे खाई आणि एकदोन दिवसांत पिवळे पडे. लघवी काळपट होई, अंगातले त्राण जाई. काही मुले दगावत. त्यांत मुलग्यांचा भरणा अधिक. एकाच ताटात जेवलेल्या दुसऱ्या भावाला मात्र काहीच होत नसे. दोष दाण्याचा म्हणावा, तर सगळ्यांना का बाधत नाही? आणि मुलाचा म्हणावा, तर एरवी ते ठणठणीत कसे?

हे कोडे सुटले ते भलत्याच वाटेने. प्रायमाक्वीन हे हिवतापावरचे औषध. ते घेतल्यावर काही माणसांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागत. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर याचा अभ्यास चालला होता. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे सांगितले जाई. पण गजाआडच्या माणसाची स्वेच्छा ती किती, हा प्रश्न पुढे विचारला गेला आणि असे प्रयोग तिथे बंद पडले. ज्ञानाची ही किंमत कुणी मोजली, हे आपण विसरू नये. 1956 साली आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशा माणसांच्या तांबड्या पेशींत एक विकर कमी असते. त्याचे लांबलचक नाव आहे ग्लुकोज-सहा-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, थोडक्यात जी-सिक्स-पी-डी. पेशीवर दाहक द्रव्यांचा मारा झाला, की तिला सावरायचे काम या विकराच्या बळावर चालते. बाकल्यात व्हायसीन आणि कॉनव्हायसीन ही द्रव्ये असतात. पोटात गेल्यावर त्यांपासून नेमका तसाच मारा करणारी द्रव्ये तयार होतात. ज्याचे विकर पुरेसे, तो सहज निभावतो. ज्याचे तोकडे, त्याच्या पेशी फुटतात. ही उणीव आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावरून चालते, म्हणून मुलग्यांना ती अधिक जाचते.

मग अशी घातक उणीव पिढ्यान् पिढ्या टिकली कशी? सार्डिनियातच उत्तराचा धागा मिळाला. डोंगरावरच्या गावांपेक्षा सखल, हिवतापाने गांजलेल्या गावांत ही उणीव अधिक आढळते, असे 1961 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. हिवतापाच्या जंतूला असे रक्त मानवत नाही. म्हणजे एका रोगापासून राखणारी गोष्ट दुसरीकडे घात करीत होती! आपल्या मुंबईतही या शोधाचे पडसाद उमटले. पारशी समाजातल्या या उणिवेविषयीचे संशोधन 1963 साली प्रसिद्ध झाले. आज जगात सुमारे 40 कोटी लोकांत ती असावी, असा अंदाज आहे. म्हणून प्रायमाक्वीन देण्यापूर्वी रक्ताची ही तपासणी करणे हिताचे.

आता म्हणाल, बाकला टाकूनच का देऊ नये? पण ज्या गरिबाला मांस, दूध परवडत नाही, त्याची प्रथिने या दाण्यात आहेत. शिवाय त्याची मुळे हवेतले नत्र जमिनीत साठवतात. नुसत्या शिजवण्याने ती द्रव्ये भरवशाने जात नाहीत. तेव्हा सुधारायचे ते वाणच. 1989 साली फ्रेंच संशोधकांनी असा एक वाण नोंदवला, की ज्यात ही द्रव्ये नेहमीच्या दहावा-विसावा हिस्साच होती. त्यामागची जनुकी मेख 2021 साली सापडली: एका जनुकात अवघी दोन अक्षरे जास्तीची पडली होती. मधमाश्या शेजारच्या शेतातले पराग आणतात, म्हणून अशा वाणाचे बियाणे दूर राखावे लागते, एवढी खबरदारी आली.

आणि बियाण्याची राखण म्हणजे काय, हे सीरियातल्या अलेप्पोने शिकवले. तिथे 1977 साली स्थापन झालेल्या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत बाकल्याचे हजारो वाण जतन केलेले होते. यादवी युद्धात 2012 साली शास्त्रज्ञांना जागा सोडावी लागली. पण संस्थेच्या बियाण्यांच्या दुसऱ्या प्रती त्यांनी आधीच नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डच्या बर्फाळ कोठारात पाठवल्या होत्या. 2015 साली त्या परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत पुन्हा पेरल्या.

पायथागोरसाने बाकला ताटातून काढायला सांगितले. आजचे शास्त्र तो ताटात ठेवून त्यातले विष काढू पाहत आहे. तोवर ज्याच्या रक्तात ही उणीव आहे, त्याने मात्र पायथागोरसाचेच ऐकावे, हे बरे.