उणे साडेआठ

माझ्या संगणकात एकाच फोल्डरमध्ये बालगंधर्वांच्या तबकड्यांवरून उतरवलेली पदं आणि वरातीत वाजणारी नवी गाणी नांदतात. पूर्वी सगळी सरमिसळ करून लावली, की पदासाठी आवाज वाढवायचा आणि पुढचं गाणं सुरू होताच आतून हाक यायची, "अरे, बारीक कर ते!" आता येत नाही. त्या वरातीच्या गाण्याच्या फाइलमध्ये एक आकडा लिहून ठेवलाय: उणे ८.५ डेसिबल. प्लेअर तो वाचतो आणि गाणं तेवढं बारीक करूनच लावतो. गाण्याला धक्का नाही; पाकिटावर सूचना लिहावी तसा हा प्रकार.

या आकड्याचं मूळ गाव मात्र सिनेमाचं थिएटर. तिथे पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा एकसुरी आवाज, ठरावीक पातळीवर वाजवून प्रेक्षकाच्या जागी तो ८३ डेसिबल भरेल असा अ‍ॅम्प्लिफायर लावून घेतात. त्यामुळे सिनेमा कुठल्याही गावी जवळपास सारखाच ऐकू येतो. संगीताच्या धंद्यात अशी शिस्त कधी नव्हती. १९८२ मध्ये सीडी आली. तिच्यात आवाजाला छत आहे, त्यावर जाता येत नाही. पण गाण्यातली उंच टोकं दाबून बाकीचं सगळं त्या छताला टेकवता येतं. दोन गाण्यांत मोठं वाजणारं गाणं क्षणभर जास्त चांगलं वाटतं, एवढ्या भांडवलावर नव्वदच्या दशकात जो तो गाणं फुगवत गेला.

२००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन या इंग्रज संशोधकानं फाइलमध्ये असा आकडा लिहिण्याच्या 'रिप्लेगेन' या पद्धतीचा प्रस्ताव मांडला. आधी गाणं कानाच्या चाळणीतून काढायचं, कारण आपल्या कानाला खर्ज कमी आणि मधल्या-वरच्या पट्टीतला आवाज जास्त जाणवतो. मग त्याचे ५० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाचा जोर मोजायचा. पुढची युक्ती मला फार आवडते. सरासरी काढायची नाही. तुकडे बारीक ते मोठे असे ओळीनं लावायचे आणि शंभरातला पंच्याण्णवावा घ्यायचा. एखादा ख्याल डोळ्यांपुढे आणा. सुरुवातीची शांत आलापी सरासरीत धरली तर सगळी फाइल वर चढेल आणि शेवटच्या ताना अंगावर येतील. गाणं किती मोठं हे आपण त्याच्या भरातल्या जागांवरून ठरवतो, आलापीवरून नाही.

हे माप ठरवलेल्या पातळीपेक्षा जितकं कमी-जास्त, तोच फाइलमधला आकडा. ती पातळी म्हणून रॉबिन्सननं थिएटरचे ८३ तसेच उचलले होते. पण त्या मापानं नव्या सीडी इतक्या खाली आल्या की लोक कुरकुरले. मग सहा वाढवून ८९ केले. या सहामागे शास्त्र नाही, निव्वळ घासाघीस आहे.

ख्यालाचीच आणखी एक अडचण. विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील आणि प्रत्येकाला स्वतंत्र माप लावलं, तर दोन्ही सारख्याच जोरात वाजतात. चढत जाण्यातली मजाच गेली. म्हणून सबंध अल्बमला एकच आकडा देण्याची सोय सुरुवातीपासून आहे. सेटिंगमध्ये 'ट्रॅक'ऐवजी 'अल्बम' निवडायचं, एवढंच. शास्त्रीय ऐकणाऱ्यानं ते आधी करावं. जुन्या बारीक ध्वनिमुद्रणांना अधिक आकडा येतो, तेव्हा एखादी तार सप्तकातली जागा छताला आपटून आवाज फाटू शकतो. त्यासाठी फाइलमध्ये सर्वांत उंच टोकाचीही नोंद असते. ती पाहून प्लेअर हात आखडता घेतो. तबकडीची खरखर मात्र पदाबरोबर वर येतेच.

पुढे हे काम मोठ्यांनी हाती घेतलं. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं मोजण्याची नवी रीत ठरवली. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारकांनी तिच्या आधारे उणे २३ ही पातळी नेमली. त्याच वर्षी अमेरिकेत टीव्हीवरच्या जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या वाजू नयेत म्हणून चक्क कायदा झाला. स्पॉटिफायनंही आधी रिप्लेगेनच वापरलं. आता तिथली नेहमीची पातळी उणे १४ आहे. फुगवलेलं गाणं तिथे आपोआप खाली येतं, म्हणजे फुगवण्याची मेहनत फुकट.

परवा फोल्डरात एक नवं गाणं टाकलं आणि मोजायचं विसरलो. रात्री साडेदहाला आतून हाक आली.